गिऱ्हाइकाला खरा, आम्हाला खोटा

३ मार्च, सोमवार

ब्लडप्रेशरवाल्या डॉक्टरीणबाईंनी आज फर्मान काढलं. राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहायचं. मी म्हटलं, बाई, मग कागदाची गिरणीच विकत घ्यावी लागेल. त्या हसल्या नाहीत. गोळी वाढवून दिली आणि वर ही वही आणायला लावली. तर घ्या, लिहिते.

आजचा राग धुळीचा. आमच्या कारखान्यात हिरवा दगड कापतात, घासतात, चकाकवतात आणि त्याचे नक्षीचे डबे, पेपरवेट, घड्याळाच्या तबकड्या करतात. पुढच्या बाजूला मालकाचं दुकान, काचेचं दार, गार हवा. भिंतीमागे आम्ही. हे तिथे मुकादम आहेत. ‘हे’ म्हणजे माझे यजमान, वहीला ओळख करून दिलेली बरी. मी कित्येक वर्षं कटरवर होते, म्हणजे दगडाच्या पातळ लाद्या पाडायच्या मशीनवर. थंडी सुरू झाली तेव्हा ह्यांनी मला पॅकिंगला हलवलं. म्हणाले, तुझी पाठ दुखते, तू आपली बसून काम कर. पॅकिंगला माझी धाकटी बहीण होती, तिला माझ्या जागी कटरवर उभी केली. घरातल्या घरात अदलाबदल.

त्याच सुमारास कटरवरचं पाणी बंद झालं. पूर्वी पात्यावर सतत धार असायची. कोपरापर्यंत हिरवा चिखल व्हायचा, साडीची वाट लागायची, पण धूळ नव्हती. आता सगळं कोरडंच कापायचं. का? तर मालकाचा हुकूम, असं हे म्हणाले. दगड हल्ली खरा येतच नाही म्हणे. कसलीतरी रंगीत भुकटी रेझिनमध्ये कालवून ठोकळे ओततात, त्यांना पाणी लागलं की थर सुटतात. असल्या भुकटीने माणसाला काही होत नाही, म्हणून नाकाला बांधायचे मास्कही बंद.

काही होत नाही म्हणे! धाकटी आज जी खोकायला लागली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली नाही. मी जाऊन तिचं मशीन बंद केलं तर हे दारातूनच ओरडले, “चालू मशीन बंद करू नका, नग अडतात!” दारातूनच. नाकाला रुमाल लावून. ह्यांना कायमची सर्दी. मी हातातलं झाकण आपटलं आणि मालकाच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. वही नवी आहे.

५ मार्च, बुधवार

ह्यांचं हल्ली काय बिनसलंय कळत नाही. घरात पाऊल टाकलं की आधी आंघोळ, डोक्यावरून. कपडे बाहेरच्या दोरीवर. माझ्या कपड्यांत ह्यांचा शर्ट पडलेला चालत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा बाबा कधी ओला टॉवेल उचलून वाळत घालत नव्हता, आणि आता एकदम पुजाऱ्यासारखं सोवळं. गरम पाणी सगळं संपवतात ते वेगळंच.

संध्याकाळी धाकटी जेवायला आली. ती पलीकडच्या गल्लीत राहते, एकटीच. लग्न कर म्हटलं की शीळ घालते. खरंच शीळ घालते, पोरांसारखी, आणि काय सुरेख! कटरच्या खरखराटावरसुद्धा तिची शीळ ऐकू यायची. आज मी म्हटलं, घाल गं एखादी, तर नुसती हवा गेली. मग खोकला. रुमालावर हिरवं आलं, तो तिने मला नाचवून दाखवला. “ताई, बघ, मी मोर होतेय.”

मी हसले नाही. मग म्हणाली, “आणि गंमत सांगू? काहीही प्यायले तरी तांब्याच्या भांड्यातलं प्यायल्यासारखं लागतं. फुकटात आयुर्वेद!”

ती गेल्यावर हे मला म्हणतात, “तिला सांग, घरात यायच्या आधी ओढणी बाहेर झटकत जा. आणि उशीबिशीवर तिला बसू देऊ नकोस.” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सख्खी बहीण, राबून दमून आलेली, आणि तिला बाहेर झटकायची? मी दोन दिवस बोलणार नाही असं जाहीर केलं. तेव्हा म्हणाले, “तुझ्याच काळजीने सांगतो गं.” काळजी आहे हे खरं. पण बोलायची काही रीत?

१० मार्च, सोमवार

घाईने लिहितेय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

आज काउंटरवरची मुलगी आली नाही. मालकाने मागे निरोप पाठवला, कोणीतरी पुढे या, गिऱ्हाइकांपुढे ट्रे धरायला. हे तेव्हा मालाच्या गाडीबरोबर बाहेर गेले होते, नाहीतर मला पाठवलं नसतं. मी हात धुऊन गेले. एक बाई आणि तिचा मुलगा डबा बघत होते. बाई संशयी. म्हणाली, प्लास्टिकचा नाही कशावरून?

झालं, मालकाला तेच हवं असतं. खुर्ची मागे सारून उभाच राहिला. आधी डबा बाईंच्या गालाला लावला. “गार लागला? प्लास्टिक असं गार लागत नाही. आता हातात वजन बघा. आता हे पट्टे बघा, गडद, फिका, गडद. कुठे जाड, कुठे केसाएवढा. खोट्या मालात पट्टे आखून काढल्यासारखे सारखे असतात.” मग मेणबत्तीवर सुई लाल करून डब्याच्या बुडाला टेकवली. “धूर? वास? नाही ना. प्लास्टिक असतं तर नाक धरून पळाला असता.” मग चाकूने बुडालाच एक बारीक ओरखडा काढला. “एवढा कडक दिसतो, पण चाकूला ऐकतो. आणि भुकटी बघा, फिकट हिरवी. रंग वरून चढवलेला नाही, आतपर्यंत तोच.” शेवटी छोट्या बाटलीतून ॲसिडचा एक थेंब त्या ओरखड्यावर. सुर्रकन फेस आला. बाईंचा मुलगा “वा!” म्हणाला.

“हा मॅलाकाइट,” मालक म्हणाला, “तांब्याचं खनिज. निम्म्याहून जास्त तांबंच असतं यात. खाणीत वरच्या थरात हा हिरवा दिसला की खाली तांबं आहे हे समजायचं. आमच्याकडे खोटा तुकडा औषधालाही सापडणार नाही.” आणि मग, बाईंनी पैसे काढल्यावर, सहज सांगावं तसं म्हणाला, “फक्त घरी हा कानशीने वगैरे घासू नका हं. नुसता ठेवला तर काही नाही, पण याची धूळ छातीत गेली तर विषारी असते.”

मी ट्रे धरून उभी. तो डबा मी शनिवारी कागदात गुंडाळला होता. त्याच्या कोपऱ्याचा टवका मी स्वतः बसवला होता, माझ्या नखाएवढा. त्या डब्याच्या लाद्या धाकटीने कापल्या होत्या.

गिऱ्हाइकाला खरा, आम्हाला खोटा! मेल्या, त्या बाईच्या छातीची तुला एवढी काळजी, आणि भिंतीपलीकडे माझी बहीण दिवसभर तेच गिळते त्याचं काय? ट्रे तिथेच त्याच्या टाळक्यात घालायला हवा होता. घातला नाही. बाई गिऱ्हाईक होती, आणि ह्यांची नोकरी डोळ्यांसमोर आली. या गोष्टीचाच आता सगळ्यात जास्त राग येतोय.

११ मार्च, मंगळवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे जेवत होते, घास हातातच राहिला. मग म्हणाले, “तुला पुढे कोणी पाठवलं?” मी काय सांगतेय आणि हे काय विचारतायत!

मग समजूत काढली. म्हणे दुकानातला माल वेगळा, मागचा वेगळा. गिऱ्हाइकापुढे खेळ करायला मालक एखादा खरा नग ठेवतो. मी म्हटलं, टवका मी बसवलेला. तर म्हणे टवके सगळ्याच डब्यांना पडतात. मी म्हटलं, ॲसिडने फेस आला. तर म्हणे, “फेस खडूलाही येतो. आपल्या मोरीतल्या फरशीवर ओतून बघ, तिलाही येईल. म्हणजे फरशी तांब्याची झाली का?”

मी आमटीचा डाव पातेल्यात आपटला. उत्तर सुचलं नाही की मला दुप्पट राग येतो.

शेवटी हात धरून म्हणाले, “हे बघ, महिनाअखेर मोठी ऑर्डर जायची आहे. ती वेळेत गेली तर नव्या कारखान्याचा मॅनेजर मी. मालकाने शब्द दिलाय. आत्ता तू पुढे जाऊन तमाशा केलास तर सगळं पाण्यात. एवढे दिवस तोंड बंद ठेव. माझ्यासाठी.” मी हो म्हटलं. आयुष्यात कोणी मला तोंड बंद ठेव म्हटल्यावर मी हो म्हटल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

१३ मार्च, गुरुवार

तोंड बंद ठेवलं, हात नाही ठेवले.

आज सुट्टी घेतली. धाकटीची ओढणी धुवायला म्हणून आणली होती, ती गच्चीत नेऊन वर्तमानपत्रावर झटकली. चांगली चमचाभर भुकटी निघाली. मोरी धुवायचं ॲसिड काचेच्या बरणीत ओतून त्यात टाकली. फसफसली! मग मोरीच्या फुटक्या फरशीचा तुकडा दुसऱ्या बरणीत टाकला. तोही फसफसला. ह्यांचंच खरं. मी दोन्ही बरण्यांना शिव्या घातल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका बाई कपडे वाळत घालायला गच्चीत आल्या. विज्ञान शिकवतात. मला बघून आधी ओरडल्याच, “अहो, मागे व्हा, वाफ जाईल नाकात! काय चाललंय?” सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चक्क खाली बसल्या. म्हणाल्या, “फेस म्हणजे नुसता कार्बोनेट. खडू, संगमरवर, तुमची फरशी, सगळ्यांना येतो. त्याने तांबं सिद्ध होत नाही, तुमचे यजमान बरोबर बोलले. पण दोन खिळे आणा. लोखंडाचे, गंज खरवडून.”

मी खिळे पायरीवर घासून चकचकीत केले. दोन्ही बरण्यांत एकेक टाका म्हणाल्या. धाकटीच्या ओढणीची बरणी एव्हाना हिरवट झाली होती, फरशीची मळकी. थोड्या वेळाने बाईंनी चिमट्याने खिळे काढले. फरशीतला होता तसाच, जरा काळवंडलेला. ओढणीतला लाल. नव्या भांड्याला असतो तसा तांबडालाल, टोकापासून डोक्यापर्यंत.

“आता हे तांबंच,” बाई म्हणाल्या. “आणि ठोकळा खाणीतून आलेला असो की कोणी भुकटी कालवून ओतलेला असो, छातीला काय फरक पडतो? तांबं ते तांबं. हे पाणी लावून कापायचं असतं. कोरडं कापायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

“मालकाने.”

“त्याने स्वतः येऊन सांगितलं?”

“नाही, आमच्या ह्यांनी सांगितलं. पण मालकाचाच निरोप.”

बाईंनी लाल खिळा पाण्याने धुऊन माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, “बहिणीला उद्यापासून पाठवू नका.” आणि बादली उचलून गेल्या. शिकल्यासवरल्या बायकांचं हे असंच, अर्धं बोलून निघून जायचं.

धाकटीला सांगितलं तर म्हणते, “दोन आठवडे ना फक्त? ऑर्डर जाऊ दे. भाऊजींचं काम होऊ दे, मग बघू. त्यांनी एवढ्या विश्वासाने मला कटर दिलाय.” मी तिला गाढव म्हटलं. ती म्हणाली, “मोर.”

१५ मार्च, शनिवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

धाकटी सकाळी कटरपाशीच पडली. नशीब, मागे पडली. पात्यावर पडली असती तर? आधी उलटी, मग श्वास लागेना, ओठ निळे. दगड घासायच्या मशीनवरच्या, म्हणजे घासणीवरच्या काकूंनी आणि मी उचलून रिक्षात घातली. हे गाडी आणतो म्हणून गेले ते आम्ही इथे पोचल्यावर आले.

छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंना धूळ बसलीय, वर संसर्ग झालाय. ताप उतरेल. पण फुप्फुस किती भरून येईल ते आत्ता सांगता येत नाही. जिना चढताना धाप लागेल, कदाचित कायमची. काय काम करते? असं विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे मधेच म्हणाले, “घरकाम.” घरकाम! कोपऱ्यात नेऊन मला म्हणाले, “पोलीस केस होईल. मालक आपल्याला देशोधडीला लावील. हात जोडतो.” खरंच हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. धाकटीच्या पायाशी बसून हे असे रडले की नर्स मला म्हणाली, भाऊ आहे का हो तिचा?

ह्यांच्या रडण्याने माझं काळीज हललं, पण खोटं मी बोलू शकत नाही. हे चहा आणायला गेले तेव्हा डॉक्टरांच्या मागे जिन्यापर्यंत धावले आणि सगळं सांगितलं. दगड, धूळ, खिळा. त्यांनी लिहून घेतलं.

मालका, सोमवारी बघते तुला. तुझ्या गार हवेत येऊन बघते.

१७ मार्च, सोमवार

खिळा रुमालात बांधून नेला. पुढच्याच दाराने आत शिरले, काचेच्या. एक जोडपं पेपरवेट बघत होतं. म्हटलं बरंच झालं, आज गिऱ्हाईक आहेच.

“मालक, सांगा, तुमचा दगड खरा की खोटा? आज सगळ्यांसमोर सांगा.”

“खरा,” तो म्हणाला. “अहो, झालं काय?”

“मागे कापतात तोही खरा?”

“दगड एकच येतो बाई. मागचा पुढचा असं काही नसतं.”

मी खिळा काचेवर आपटला. “मग त्या खऱ्या दगडावरचं पाणी का बंद केलंत? विषारी धूळ, विषारी धूळ म्हणून गिऱ्हाइकांना सांगता आणि आम्हाला ती खायला घालता? माझी बहीण नळी लावून पडलीय तिकडे!” आणखी पुष्कळ बोलले. मला तोफ म्हणतात कारखान्यात, आज सगळे गोळे संपवले. जोडपं केव्हा निघून गेलं कळलंही नाही.

मालक वेड्यासारखा बघत होता. “पाणी बंद? कोणी केलं पाणी बंद?”

“तुम्ही!”

तो उठला, नाकाला रुमाल लावला आणि मागच्या दारातून कारखान्यात गेला. मी त्याच्यामागे. सगळी मशीनं चालू, हिरवा धुरळा तरंगतोय, बायका पापण्यांपर्यंत हिरव्या. हे दारात उभे होते. मालकाने ह्यांच्याकडून कोठीची किल्ली मागितली. ह्यांनी खिसे चाचपले, मग दिली. कोठीत वरपर्यंत खोकी. मास्कची. एकही फोडलेलं नाही. खाली नवा पंप, थर्माकोलमधून न काढलेला.

“मुकादम, तुम्ही तर मला सांगत होता की बायका मास्क लावत नाहीत, त्यांना उकडतं. आणि पंप बसवला म्हणालात.”

हे म्हणाले, “साहेब, आपण नंतर बोलू.”

माझं डोकं असं फिरलं की मी मालकालाच धरलं. म्हटलं, वा, गोदाम भरून ठेवलं की झालं तुमचं काम? भिंतीच्या पलीकडे बसता, शेवटचे मागे कधी आलात? त्याने मान खाली घातली. म्हणाला, “मला धुळीचा त्रास होतो.” घासणीवरच्या काकू मोठ्याने हसल्या. हसणं असलं भयंकर मी कधी ऐकलं नाही.

मालक खोटं बोलतोय. स्वतःच्या अंगावर येईल म्हणून आयत्या वेळी ह्यांच्यावर ढकलतोय. मोठ्या माणसांना एक बळीचा बकरा लागतोच. हे घाबरून गप्प राहिले, एवढंच. हे काही बोलले का नाहीत ते घरी आल्यावर विचारीन.

अजून आले नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

आले. विचारलं.

आधी चप्पल जागेवर ठेवली, मग आंघोळीला निघाले. मी मोरीच्या दारात उभी राहिले. म्हटलं, आंघोळ नंतर.

सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. पाणी चालू असलं की पातं दमानं घ्यावं लागतं, प्रत्येक लादी धुवा, पुसा, वाळवा. कोरडं कापलं की निम्म्या वेळात होतं. ऑर्डर वेळेत गेली असती, नवा कारखाना मिळाला असता, मग मी पाणी चालू करणारच होतो. थोडेच महिने काढायचे होते. असं म्हणाले, “काढायचे होते.”

“आणि दगड खोटा आहे हे?”

“बायकांनी प्रश्न विचारू नयेत म्हणून.”

“मला पॅकिंगला का हलवलंत?”

“तुझी पाठ...”

“माझी पाठ आजही दुखते. का हलवलंत?”

तेव्हा ह्यांचा आवाज चढला. माझ्यावर! “तुला तरी बाजूला काढलं ना! तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?” आणि असं बघितलं की आता मी विरघळून ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकणार. ह्यांना खरंच तसं वाटलं. ते रोज डोक्यावरून आंघोळ करत होते, शर्ट बाहेर टाकत होते, ओढणी झटकायला सांगत होते, आणि मी त्याला काळजी म्हणत होते. होतीच की काळजी! एवढी काळजी कोणाचा नवरा घेतो?

“आणि तिला का बसवलंत?” मी विचारलं.

“कोणाला तरी बसवावंच लागणार होतं. बाहेरची बाई असती तर तिने मालकाकडे तक्रार केली असती.”

मी ओरडले नाही. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं, त्या खूश होतील. ह्यांची गादी उचलली, जिन्यात नेऊन टाकली आणि आतून कडी लावली. नंतर मात्र स्वयंपाकघरातलं जे हाताला लागलं ते फोडलं. कपबश्या, बरण्या, सगळं. ह्यांच्यावर राग आहेच, तो मरेपर्यंत पुरेल. पण माझ्या डोळ्यांदेखत सगळं घडत होतं आणि मी मालकाच्या नावाने बोटं मोडत बसले होते. या बाईला म्हणे कारखान्यात तोफ म्हणतात. तोंड उलट दिशेला असलेली तोफ.

२० मार्च, गुरुवार

कारखाना बंद ठेवलाय असं काल कळलं. सरकारी माणसं येऊन धूळ घेऊन गेली, डॉक्टरांनीच कळवलं होतं. आज सकाळी मी बायकांना भेटायला गेले. सगळ्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. मला वाटलं, जवळ घेतील. मी सोमवारी सगळ्यांसाठीच भांडले होते ना. मी गेले तशी बोलणी थांबली. घासणीवरच्या काकू म्हणाल्या, “तुमचं बरं होतं हो, पॅकिंगला.” एवढंच. त्यांना उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण दुसरी एक म्हणाली, “मुकादमाची बायको ती,” आणि सगळ्यांनी पाठ केली.

मला इतका राग आला की रस्त्यात रडले. मग वाटलं, जाऊ दे, ह्या बायका गेल्या उडत, माझी बहीण तर मला ओळखते.

दवाखान्यात तिच्या नाकातली नळी काढली होती. तिला इथलं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून रोज दोन वेळा मी डबा नेते. डबा उघडला, तिला उशीला टेकवून बसवलं आणि ठरवून आले होते तसं सगळं सांगितलं. पाणी कोणी बंद केलं, का केलं, मास्क कुठे होते. बाहेरची असती तर तक्रार केली असती, हेसुद्धा सांगितलं. लपवून काय करायचं?

ती घास चावत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होते.

“ताई,” ती म्हणाली, “तू पॅकिंगला गेलीस आणि पाणी बंद झालं, एकाच आठवड्यात ना?”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

मी ओरडलेच. नर्स धावत आली. मी देवाची, आईची, नाही नाही त्यांची शपथ घेतली. म्हटलं, अगं, मला माहीत असतं तर मी पातं हाताने धरून थांबवलं असतं. म्हटलं, मी खिळा घेऊन गेले होते, मी डॉक्टरांना सांगितलं, मी, मी, मी. ती ऐकत होती. अगदी शांत. श्वास मोजून घ्यावा लागतो तिला, त्यामुळे असेल.

“बरं,” ती म्हणाली.

“बरं म्हणजे? विश्वास आहे ना तुझा?”

तिने डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून, आणि माझ्या हातात दिला.

“उद्यापासून डबा आणू नकोस, ताई. इथलं जेवण चांगलं असतं.”